अवकाशातून गावाकडे : डॉ. सतीश धवन

1975 सालच्या ऑगस्ट महिन्याच्या पहिल्या दिवशी विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर या जिल्ह्यांतील निवडक खेड्यांत संध्याकाळ नेहमीसारखी उतरली नाही. सोलापूरच्या शेजारच्या या कोरडवाहू मुलखात बहुतेकांनी तोवर दूरदर्शन पाहिलेले नव्हते. त्या काळी दूरदर्शन म्हणजे दिल्ली, मुंबई अशा मोजक्या शहरांतील नवलाई होती. अनेक खेड्यांत तर साधी डांबरी सडकही पोहोचली नव्हती. अशा गावांत सार्वजनिक जागी एक संच ठेवला गेला, जवळच बारीक तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट रुंदीची तबकडी आकाशाकडे तोंड करून उभी राहिली आणि सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवरच्या एका उपग्रहाकडून चित्रे थेट गावात उतरू लागली. मोठ्या शहरातील मनोरे, तालुक्याची केंद्रे, तारांचे जाळे या साऱ्या पायऱ्या ओलांडून संदेश एकदम शेवटच्या घरापर्यंत गेला होता.

हे स्वप्न पाहिले होते डॉ. विक्रम साराभाई यांनी. ते उतरताना पाहण्यास ते हयात नव्हते. त्यांच्यामागे ज्यांनी या स्वप्नाला एका शिस्तबद्ध संस्थेचा आधार दिला, ते डॉ. सतीश धवन यांनी आपल्या नावाभोवती कधी फारसा गाजावाजा होऊ दिला नाही.

सतीश धवन यांचा जन्म 25 सप्टेंबर 1920 रोजी श्रीनगर येथे झाला. शिक्षण लाहोरला पंजाब विद्यापीठात झाले आणि ते मोठे विलक्षण होते. गणित व पदार्थविज्ञान घेऊन त्यांनी पदवी मिळवली, नंतर इंग्रजी साहित्यात एम. ए. केले आणि त्यानंतर यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतली. आकडे, काव्य आणि यंत्र या तिन्हींत रमलेला असा विद्यार्थी आजही सहसा आढळत नाही.

1945 साली अभियंता झाल्यावर ते बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमानांच्या कारखान्यात काही काळ काम करू लागले. हा कारखाना 1940 साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने उभा राहिला होता. बंगळूर शहराशी धवन यांचा जन्मभराचा ऋणानुबंध जुळला तो असा. पुढे ते अमेरिकेस गेले. मिनेसोटा विद्यापीठात एम. एस. झाल्यावर कॅलिफोर्नियातील कॅलटेक या ख्यातनाम संस्थेत हान्स लीपमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि 1951 साली डॉक्टरेट मिळवली. तिकडे मानाची नोकरी सहज मिळाली असती. ते त्याच वर्षी मायदेशी परतले आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले.

विमानाभोवती हवा कशी वाहते याचा अभ्यास करण्यासाठी वातबोगदा लागतो. एका बंदिस्त मार्गातून प्रचंड वेगाने हवा सोडायची, तिच्या वाटेत विमानाची लहान प्रतिकृती ठेवायची आणि तिच्यावर पडणारा दाब मोजायचा, ही त्यामागची कल्पना. परदेशातून असे साहित्य आणणे त्या वेळी परवडणारे नव्हते. धवन यांनी हाताशी असलेल्या साधनांतून, विद्यार्थी व कारागीर यांना सोबत घेऊन, स्वनातीत वेगाचे छोटे वातबोगदे उभारले. या प्रयोगशाळेत मोठा कोण आणि लहान कोण हे पदावरून ठरत नसे. एखाद्या विद्यार्थ्याचे मोजमाप प्राध्यापकाच्या समजुतीशी जुळले नाही, तर मोजमाप पुन्हा घेतले जाई. ही सवय त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांच्या पुढील कार्याचे मर्म पाहू गेल्यास ते अग्निबाणांपेक्षा या सवयीतच अधिक सापडते.

1962 साली, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि 1981 पर्यंत त्या पदावर राहिले. संस्थेच्या इतिहासात इतका प्रदीर्घ काळ कोणीही हे पद भूषविलेले नाही. जुन्या शाखांच्या भिंतींपलीकडे पाहणारी माणसे त्यांनी हेरली आणि त्यांना मोकळीक दिली. परदेशातून नुकतेच परतलेले पुण्याचे तरुण परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ यांना 1973 साली संस्थेत स्थान मिळाले ते धवन यांच्या कारकिर्दीतच. जंगलांचा आणि मोसमी पावसाचा अभ्यास अभियंत्यांच्या संस्थेत कशासाठी, असा प्रश्न तेव्हा अनेकांना पडला असेल. 1974 साली तेथेच ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान विकसित करणारे अस्त्र नावाचे केंद्र सुरू झाले. उत्तम चूल कशी असावी, गोबरगॅस स्वस्त कसा व्हावा, असे विषय प्रथमच प्रयोगशाळेच्या फळ्यावर आले.

30 डिसेंबर 1971 रोजी विक्रम साराभाई यांचे अचानक निधन झाले. भारतीय अवकाश संशोधन संस्था, म्हणजे इस्रो, तेव्हा जेमतेम अडीच वर्षांची होती. धवन त्या वेळी रजा घेऊन कॅलटेकमध्ये अध्यापन करीत होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी त्यांना अवकाश कार्यक्रमाची धुरा सांभाळण्यास पाचारण केले. मधल्या काळात प्रा. एम. जी. के. मेनन यांनी संस्थेचे काम पाहिले आणि सप्टेंबर 1972 मध्ये धवन यांनी सूत्रे हाती घेतली. त्यांच्या अटी दोनच होत्या. इस्रोचे मुख्यालय बंगळूरला असावे आणि विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्याकडे कायम राहावे. अवकाश आयोगाचे अध्यक्ष, अवकाश विभागाचे सचिव आणि इस्रोचे प्रमुख अशा तिन्ही जबाबदाऱ्या एकाच व्यक्तीकडे होत्या. तरीही शिक्षकाची खुर्ची सोडण्यास ते तयार नव्हते. पहिल्या अटीमुळे एका शहराचे भवितव्य बदलले. आजच्या बेंगळुरूची ओळख संगणक कंपन्यांमुळे जगभर झाली हे खरे. पण विमाने, उपग्रह आणि त्यांना लागणारे सुटे भाग बनविणारे कुशल हात या शहरात त्याच्या कितीतरी आधी एकत्र आले होते.

धवन आले तेव्हा संस्थेची अवस्था नाजूक होती. साराभाई स्वतः प्रत्येक गटाशी बोलत. त्यांचे व्यक्तिमत्त्व हाच सर्वांना जोडणारा धागा होता. तो तुटल्यावर केरळमधील थुंबा, आंध्र प्रदेशच्या किनाऱ्यावरील श्रीहरिकोटा, अहमदाबाद आणि बंगळूर अशा दूरदूरच्या ठिकाणी विखुरलेले गट आपापल्या कामात गुरफटून जाण्याचा धोका होता. अग्निबाणाचे इंधन एका गटाचे, त्याची दिशा सांभाळणारी यंत्रणा दुसऱ्याची, उपग्रह तिसऱ्याचा. एकाने केलेला छोटा बदल दुसऱ्याला कळला नाही, तर सगळाच डोलारा समुद्रात कोसळणार. दूरध्वनी जोडून मिळण्यास तासन् तास लागत, अशा काळातील ही गोष्ट आहे.

धवन यांनी यावर जो उपाय योजला तो वरकरणी अगदी साधा होता. केंद्रांची स्पष्ट रचना झाली, प्रत्येक प्रकल्पाला एक जबाबदार प्रमुख मिळाला आणि आढावा बैठकांची पद्धत रूढ झाली. या बैठकांत प्रत्येक भागाचा आराखडा संबंधित नसलेल्या जाणकारांपुढेही मांडावा लागे. विद्यापीठांतील प्राध्यापक, इतर प्रयोगशाळांतील अभियंते यांना मुद्दाम बोलावले जाई. तेथे कनिष्ठ अभियंत्याने वरिष्ठाच्या गणितातील चूक दाखविली तर तो उद्धटपणा समजला जात नसे. उलट चूक ठाऊक असून गप्प राहणे हाच दोष मानला जाई. सरकारी कार्यालयांत माहिती वरून खाली आदेशाच्या रूपाने येते आणि खालून वर जाताना गोड होत जाते. अग्निबाणाला असली गोड माहिती चालत नाही. हे ओळखून खालचे सत्य वरपर्यंत न बिघडता पोहोचेल अशी वाट बांधणे, हे धवन यांचे मोठेच कार्य म्हणावे लागेल.

या काळातील पहिले यश आर्यभट उपग्रहाचे. प्रा. यू. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये तो घडविला. सुमारे 360 किलो वजनाचा हा उपग्रह 19 एप्रिल 1975 रोजी सोव्हिएत संघातून अवकाशात गेला. काही दिवसांतच त्याच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊन त्यावरील वैज्ञानिक प्रयोग थांबले. उपग्रह बांधता येतो आणि तो कोठे बिघडतो हेही समजते, या दोन्ही गोष्टी मात्र संस्थेच्या पदरात पडल्या.

त्याच वर्षी सुरू झाला तो उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरदर्शनचा प्रयोग. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो साइट या नावाने ओळखला गेला. उपग्रह अमेरिकेचा होता, एका वर्षासाठी वापरायला मिळालेला. बाकी सारे भारतीय होते. कर्नाटक, आंध्र प्रदेश, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे 2,400 खेडी निवडली गेली, आणि तीही मागासलेल्या जिल्ह्यांतील. सोयीची गावे घेतली असती तर प्रयोग देखणा झाला असता. पण त्यातून कळले काहीच नसते. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे प्रमुख प्रा. यश पाल आणि या प्रयोगाची व्यवस्था पाहणारे, मूळचे कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस यांनी ही जबाबदारी पेलली. धवन यांनी त्यांच्या कामात ढवळाढवळ केली नाही आणि दिल्लीच्या दरबारी लागणारे पाठबळ कधी कमी पडू दिले नाही.

रोज चार तास कार्यक्रम होत. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळचा अडीच तास मोठ्यांसाठी. शेती, आरोग्य, आहार, कुटुंबनियोजन असे विषय त्यांत असत. उपग्रहावरून एकाच चित्रासोबत दोन ध्वनी पाठविण्याची सोय होती. त्यामुळे तेच दृश्य कर्नाटकातील गावात कन्नडमध्ये आणि आंध्रातील गावात तेलुगूमध्ये ऐकू येई. वीज नसलेल्या काही गावांत संच बॅटरीवर चालविले गेले. दुरुस्तीची पथके खडबडीत रस्त्यांवरून जीपगाड्यांतून फिरत राहिली आणि वर्षभर बहुतांश संच चालू राहिले. तबकडीचे गणित अवघड होते, पण धुळीत, उन्हात आणि उंदरांच्या सहवासात यंत्र चालू ठेवणे त्याहून अवघड होते. सुटीच्या काळात प्राथमिक शाळांतील सुमारे 50,000 शिक्षकांना याच मार्गाने विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले.

या प्रयोगाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की त्याची परीक्षा अभियंत्यांनी एकट्याने घेतली नाही. समाजशास्त्राचे आणि मानववंशशास्त्राचे अभ्यासक काही गावांत दीर्घकाळ मुक्काम करून राहिले. संचासमोर कोण बसते, स्त्रिया येतात का, कोणत्या वस्तीतील माणसे दूर उभी राहतात, पाहिलेले किती लक्षात राहते, याच्या त्यांनी नोंदी केल्या. सुरुवातीची गर्दी हळूहळू ओसरली. मात्र जे येत राहिले, त्यांच्यापैकी शिक्षणाची दारे ज्यांना बंद होती अशांच्या माहितीत भर पडल्याचे दिसून आले.

एक उणीव मात्र या प्रयोगाच्या रचनेतच होती. संदेश वरून खाली येत होता. गावाला काही सांगायचे असेल तर त्या संदेशाला परतीची वाट नव्हती. कार्यक्रम शहरात तयार होत आणि देशात तेव्हा आणीबाणीचा अंमल होता, हेही विसरता येत नाही. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात याच सुमारास पीज गावच्या छोट्या प्रक्षेपण केंद्रावरून जो उपक्रम चालला, त्यात ही उणीव काही अंशी भरून निघाली. तेथे गावकरी स्वतः कार्यक्रमांत सहभागी झाले. मजुरी, जातिभेद आणि स्थानिक कारभार यांविषयी पडद्यावरून बोलू लागले. इस्रोच्या बैठकांत कनिष्ठाला बोलू देण्याची जी रीत होती, तिचेच हे गावातील रूप म्हणता येईल. या उपक्रमाला पुढे युनेस्कोचा ग्रामीण संवादासाठीचा पुरस्कारही मिळाला.

31 जुलै 1976 रोजी साइट प्रयोग संपला आणि परका उपग्रह परत गेला. गावांतले पडदे बंद झाले. दुसऱ्याच्या उपग्रहावर आपल्या शाळा चालविता येणार नाहीत, हे त्या बंद पडद्यांनी जितके ठसविले तितके कोणत्याही अहवालाने ठसविले नसते.

स्वतःचा उपग्रह स्वतःच्या अग्निबाणाने सोडायचा, यासाठी एसएलव्ही-3 हा प्रक्षेपक तयार होत होता. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम या प्रकल्पाचे प्रमुख होते. देशभरातील अनेक प्रयोगशाळा आणि कारखाने त्यात गुंतले होते. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्याचाही त्यात वाटा होता. सुमारे 22 मीटर उंचीचा आणि 17 टन वजनाचा हा चार टप्प्यांचा अग्निबाण 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. पहिला टप्पा व्यवस्थित पार पडला. दुसऱ्या टप्प्यात तो भरकटला आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात कोसळला. नियंत्रण यंत्रणेतील एका झडपेतून द्रव गळून गेला होता. वर्षानुवर्षांची मेहनत एका झडपेने पाण्यात घातली.

बाहेर पत्रकार थांबले होते. गरीब देशाने असल्या गोष्टींवर पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आधीपासूनच विचारला जात होता. त्या दिवशी त्याला धार चढणार हे उघड होते. प्रकल्पप्रमुख कलाम खचलेले होते आणि थकलेलेही. धवन त्यांना बरोबर घेऊन पत्रकारांसमोर गेले, परंतु बोलले ते स्वतः. अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थाप्रमुख या नात्याने स्वतःकडे घेतली, आपल्या सहकाऱ्यांवरील विश्वास व्यक्त केला आणि वर्षभरात हे काम यशस्वी होईल असे सांगितले. टीका व्हायची ती झालीच. पण ती त्यांच्यावर झाली. ज्यांना दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कामाला लागायचे होते त्यांच्यापर्यंत ती पोहोचली नाही.

नंतर चौकशी झाली ती कोणाला शिक्षा करावी यासाठी नव्हती. झडप का गळली, गळती वेळेवर का कळली नाही, कळली असती तर उड्डाण कोणी थांबवायचे होते, अशा प्रश्नांची उत्तरे शोधली गेली. दोष लपविला तर नोकरी वाचते आणि सांगितला तर जाते, अशी जेथे रीत असते तेथे झडपा पुन्हा पुन्हा गळतात.

18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 पुन्हा झेपावला आणि त्याने 35 किलो वजनाचा रोहिणी उपग्रह पृथ्वीच्या कक्षेत नेऊन ठेवला. स्वबळावर उपग्रह सोडणाऱ्या मोजक्या देशांत भारताची गणना झाली. पत्रकार याही वेळी जमले होते. या वेळी धवन यांनी कलाम यांना पुढे केले आणि पत्रकार परिषद त्यांच्यावरच सोपविली. राष्ट्रपती झाल्यावरही कलाम ही हकिकत देशभरच्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगत असत.

पुढच्या वर्षी, जून 1981 मध्ये, ॲपल हा भारतीय बनावटीचा पहिला भूस्थिर दळणवळण उपग्रह युरोपच्या एरियन अग्निबाणाने सोडण्यात आला. त्याआधी बंगळूरला त्याच्या अँटेनाची चाचणी घ्यायची होती. लोखंडी वाहनावर उपग्रह ठेवला तर धातूमुळे रेडिओलहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडण्याची भीती होती. म्हणून लाकडी बैलगाडी आणण्यात आली. बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचे ते छायाचित्र पाहून पुष्कळ जण हसले. खरे तर त्या कामासाठी गाडीच योग्य होती.

एप्रिल 1982 मध्ये गेलेला इन्सॅट-1ए काही महिन्यांतच निकामी झाला. 30 ऑगस्ट 1983 रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून गेलेल्या इन्सॅट-1बीने मात्र देशाचे रूप पालटले. दूरध्वनी, आकाशवाणी, दूरदर्शन आणि हवामानाची छायाचित्रे अशी चारही कामे एकाच उपग्रहाकडे होती. या उपग्रहमालिकेच्या उभारणीत पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे यांचा महत्त्वाचा वाटा होता. चक्रीवादळ समुद्रावर असतानाच दिसू लागले आणि किनाऱ्यावरील लोकांना आगाऊ सूचना देणे शक्य झाले. 1984 साली देशभर दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली. त्यांवरून लोकांनी आवडीने पाहिल्या त्या मालिका, चित्रपट आणि क्रिकेटचे सामने. विजापूर-रायचूरच्या शाळकरी मुलांसाठी आखलेला सकाळचा दीड तास या गर्दीत मागे पडला. उपग्रह उभारणाऱ्यांच्या हाती पडद्यावर काय दिसावे हे नव्हते, आणि ज्यांच्या हाती होते त्यांनी सोपा मार्ग पत्करला, असे म्हणावे लागते.

1981 साली धवन यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. 1984 साली ते इस्रोच्या प्रमुखपदावरून निवृत्त झाले आणि प्रा. राव यांनी ती जागा घेतली. पुढील काळात त्यांचे मन पक्ष्यांत रमले. श्रीहरिकोट्याला लागून पुलिकत सरोवर आहे. हिवाळ्यात तेथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. आयुष्यभर विमानाच्या पंखांवरील हवेचा अभ्यास केलेला हा शास्त्रज्ञ आता खऱ्या पंखांकडे पाहू लागला. पक्ष्यांच्या उड्डाणावर त्यांनी लिहिलेला ग्रंथ 1988 साली प्रसिद्ध झाला.

3 जानेवारी 2002 रोजी बंगळूर येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी श्रीहरिकोट्याच्या प्रक्षेपण केंद्राला सतीश धवन अवकाश केंद्र असे नाव देण्यात आले. 20 सप्टेंबर 2004 रोजी याच केंद्रावरून एज्युसॅट हा खास शिक्षणासाठी बनविलेला उपग्रह भारतीय प्रक्षेपकाने सोडण्यात आला आणि 2010 पर्यंत तो कार्यरत होता. या योजनेच्या प्रायोगिक टप्प्यात कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ यांचा समावेश होता. दूरच्या वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला शिक्षकाला प्रश्न विचारता यावा, अशी परतीची वाट या व्यवस्थेत ठेवलेली होती.